समोरच्या खुर्चीला विचारा

मी सुधाकर साहेबांच्या केबिनमधली, टेबलाच्या अलीकडची खुर्ची बोलतेय. आज मला राग आलाय, त्यामुळे गोड बोलणं जमायचं नाही.

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या हिरालाल मिस्त्रीने मला घडवलं, तेव्हा मी साहेबांच्या खुर्चीएवढीच उंच होते. तेलीबांध्याच्या या बांधकाम कंपनीत आल्यावर साहेबांनी माझे पाय थोडे कापून घेतले. समोरचा माणूस जरा खाली दिसला की त्यांना बरं वाटतं. तेही मी निमूट सोसलं. पण दर मार्चमध्ये साहेब एकेकाला बोलावून वर्षभराच्या कामाचं माप काढतात, ते मात्र मला ऐकवत नाही.

यंदा नवा रायपूरच्या साइटला प्रमुख नेमायचाय. सकाळी सौमित्र इंजिनिअर येऊन बसला. त्याने कंत्राटदाराला चारचौघांत झापलं होतं. साहेब खूश! "दम आहे पोट्ट्यात!" त्याला नुकती जुळी झालीत, त्याचे पेढेही खाऊन झाले. "आता जबाबदारी वाढली तुही. साइट तुलेच देतो."

मग गंधाली आली. तीही इंजिनिअर, सौमित्रपेक्षा जुनी. तिने त्याच कंत्राटदाराचं भिजलेलं सिमेंट परत पाठवलं होतं.

"बेटा, मॅडम लय तापट आहेत म्हणते तो कंत्राटदार. जरा गोडीनं घेत जा."

"सर, सिमेंट खराब होतं."

"हव, होतं ना! काम तुहं एक नंबर आहे. पण पोट्टी लहान आहे घरी. साइटवर कशी धावशील? तुह्याच भल्याचा विचार करून राहिलो मी."

"मले विचारलं काय, सर? सौमित्रचे तर दोघंही पाळण्यात आहेत."

काय चुकीचं बोलली ती? बापाची लेकरं म्हणजे जबाबदारी आणि आईचं लेकरू म्हणजे अडचण, हा कुठला न्याय? वर साहेबांना वाटतं, आपण माया करतोय! माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला.

"मग हेच कारण लिहून द्या," गंधाली म्हणाली. "पोट्टी लहान, म्हणून साइट नाही."

"असं कुठी लिहितेत काय?" साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जा आता. बाहेर सरिता थांबली आहे, तिले पाठव."

गंधाली उठली नाही. आत्ता मी हे सांगतेय, तेव्हाही ती बसूनच आहे. साहेब घड्याळाकडे बघतायत. तिचे हात माझ्या हातांवर घट्ट आहेत. सुटत नाहीत.

बाई, लिहून मिळेपर्यंत उठू नकोस गं. दाराशी उभ्या सरिताचं नुकतंच लग्न झालंय. तुझ्यानंतर इथे तीच बसणार आहे.