हौदात कोण पडलं

मी एक म्हातारा झगा आहे, हिरव्या टिकल्यांचा, आणि माफ करणं मला जमत नाही. आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, नंतर म्हणू नका की हा झगा किती खुनशी!

मला शिवलं डार्सीने. डार्सी पेनगेली म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ब्रोकन हिलकडचा मेंढ्यांची लोकर कातरणारा गडी. माजलेला एडका त्याने गुडघ्यांत धरला की गपगार! लोकरीची पोती शिवायच्या दाभणानेच त्याने मला शिवलं, म्हणून माझ्या शिवणी अशा दणकट. शनिवारी पबमध्ये तो मला घालायचा, खोट्या पापण्या चिकटवायचा आणि मेरिनो मेंढीच्या नावावरून 'मिस मेरिनो' होऊन गायचा. ह्याला ड्रॅग म्हणतात. डार्सीला पुरुष आवडायचे, हे कातरणाऱ्यांच्या सगळ्या गँगला माहीत होतं, पण त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तो गायला लागला की मात्र बिअर ओतणारासुद्धा थांबायचा.

मग सिडनीहून सिनेमावाले आले. दिग्दर्शक ह्यूगो डार्सीला म्हणाला, "दोस्ता, तुझं गाणं पडद्यावर घेऊ. अख्खं!"

डार्सी हवेत! माझी एकेक टिकली त्याने पुन्हा घट्ट केली. आईला फोन लावला. ती कधी पबकडे फिरकली नव्हती. "मम, मी जसा आहे ना, तसा दिसणार आहे. येशील ना बघायला?"

आणि शूटिंगच्या दिवशी कळलं, गाणंबिणं काही नाही. सिनेमातला हिरो ब्रॉडी स्टॅन्टन म्हणजे खरा मर्द. लोकर कातरायच्या शेडमध्ये शिरणाऱ्या बायल्याला, म्हणजे डार्सीला, त्याने दाराशीच हौदात ढकलायचं आणि सगळ्यांनी खदाखदा हसायचं. संपलं.

"आणि गाणं?" डार्सीने विचारलं.

"अरे, आधी हे तर होऊ दे!"

ढकललं. मेंढ्यांच्या उवा मारायच्या औषधाचं पाणी ते! माझ्या अंगाची नुसती आग. डार्सीच्या पापण्या ओघळून गालावर आल्या. ब्रॉडी मांडीवर थापा मारत हसतोय, आणि ह्यूगो म्हणतो, "मस्त! पुन्हा एकदा. ह्या वेळी पडताना बाईसारखा किंचाळ."

मी तिथेच ठरवलं. ह्यांना सोडायचं नाही.

डार्सी निथळत पुन्हा दाराकडे निघाला. आत हसायला उभे केलेले गडी खरेच होते, आमच्याच गँगचे. डार्सी दिसला आणि म्हातारा क्लॅरी, गँगचा म्होरक्या, ओरडला, "तळ्यात बदकं आली रे!"

ही हाळी आमच्याकडे कधी देतात माहितीये? शेडकडे बाई येताना दिसली की. मग शिव्या बंद, टोप्या हातात, सगळे ताठ उभे. मिस मेरिनोसाठी ती आजवर कुणी दिली नव्हती. कातरायची यंत्रं थांबली. एकेक टोपी उतरली. हसेना कुणी!

"हसा की रे!" ह्यूगो बोंबलला.

"बाईमाणसाला?" क्लॅरी म्हणाला. "आमच्यात ती रीत नाही, साहेब."

ब्रॉडीचं डोकं फिरलं. तो धावतच आला, दोन्ही हातांनी डार्सीला ढकलायला. माझा पाठीचा हूक मी त्याच्या बाहीत असा अडकवला ना! डार्सीने पाय रोवले, एडका वळवतात तसं अंग वळवलं, आणि बरोब्बर तेव्हा मी हूक सोडला.

धपाक!

ब्रॉडी हौदात, आणि किंचाळला! असा बारीक, असा लांबलचक, की पलीकडचे कोकाटू पोपट झाडावरून उडाले. ह्यूगोला किंकाळी हवी होती ना? घे! कॅमेरा चालूच होता.

डार्सीने त्याला हात दिला नाही. हौदाच्या काठावर उभा राहिला आणि गायला. अख्खं गाणं.

"हे सगळं कापून टाकणार मी!" ह्यूगो ओरडला.

"काप की," क्लॅरी खाली बसत म्हणाला. "मग मेंढ्याही तूच कातर."

गँग चहाला बसली ती बसलीच, आणि कातरणीचं शूटिंग अडलं. मेंढ्या बेंबाटत राहिल्या, सिनेमावाले उन्हात करपत राहिले, आणि शेवटी ह्यूगो सगळ्यांसमोर कबूल झाला, गाणं राहील. हौदही राहील!

गावच्या हॉलमध्ये सिनेमा लागला तेव्हा डार्सीची आई आली. गाणं संपलं. मग ती म्हणाली, "छान गातोस रे. पण झगा जरा तोकडाच शिवलायस."

तोकडा म्हणाली मला! तिला तेवढं माफ.

ब्रॉडीला नाही. अजूनही तो कुठे छाती काढून चालला की पोरं मागून तशीच किंचाळतात, आणि मला इकडे गुदगुल्या होतात.

तर मित्रांनो, टिकल्यांचे कपडे हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा. आणि कुणाचं हसं करायला त्याला झगा घालून पुढे ढकलायचं मनात आलं, तर जरा जपून. मी अजून फाटलेलो नाही.