आवाज बंद करून पाहिलेला पिक्चर

मालवणचा बाजार दुपारी जेवून झोपतो, तेव्हा आम्ही चौघं पिक्चर बघतो. जेरीच्या फोटो स्टुडिओतल्या पांढऱ्या भिंतीवर. जेरी, त्याची बायको अ‍ॅनी, मेडिकलवाली संचिता आणि मी किशोरी, बाजारात ब्लाऊज शिवते ती. पिक्चर कोणी निवडायचा यावर भांडण, पंखा कोणाकडे फिरवायचा यावर भांडण, आणि पिक्चर संपला की खरं भांडण. मत प्रत्येकाला असतं. माझं जरा मोठ्यानं असतं, एवढंच.

अ‍ॅनी शाळेतून रिटायर झालेली टीचर, तिला क्लासिक लागतं. मध्ये तिनं एक काळा-पांढरा लावला. त्यात एक स्टेशनमास्तर अख्खा पिक्चरभर बायकोच्या गाडीची वाट बघतो, आणि शेवटी गाडी येते ती न थांबताच जाते. अ‍ॅनी डोळे पुसत होती. मी म्हटलं, "अ‍ॅनीबाय, ह्याच बघूचा तर कणकवली स्टँडार जाऊन बस. थंय रोज क्लासिक चालता." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

संचिताला हॉरर. दिवसभर गोळ्या विकते आणि दुपारी रक्त बघते. तिच्या इटालियन पिक्चरात बाहुल्यांच्या दुकानात खून पडत होते आणि रक्त म्हणजे निव्वळ कोकमाचं आगळ. खुनी कोण ते मी पहिल्याच सीनला सांगितलं. तो म्हातारा बाहुल्या शिवणारा, सुई कशी धरतात ते मेल्याला ठाऊक नाही, म्हणजे तो शिवणारा नव्हेच! संचिता म्हणाली, तुझ्याबरोबर पिक्चर बघणं म्हणजे शिक्षा आहे. असू दे. मला खोटं काम दिसलं की गप्प बसवत नाही, तो माझा स्वभाव आहे.

आणि जेरीला कल्ट. कल्ट म्हणजे काय, तर आधी दणकून पडलेला आणि आता पोरांनी हसण्यासाठी उठवून बसवलेला. पण त्या आठवड्यात कल्ट मी मागितला होता. बाबूमामासाठी.

बाबूमामा माझ्या आईचा भाऊ. दशावतारात स्त्रीपार्टी करायचा, म्हणजे बायकांची कामं. आता केस पिकले, पाठ वाकली, पण एकेकाळी मामा शालू नेसून उभा राहिला की बायका म्हणायच्या, आमका असा नेसूक येना नाय. आणि आवाज! मृदंग थांबवून लोक ऐकायचे. त्याच घशात आता गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज जाईल. सोमवारी ऑपरेशन ठरलं. आणि मामा हटून बसला.

"माजो आवाज त्या पिक्चरात आसा," तो बसक्या आवाजात म्हणाला. "तो एकदा आयकान मगे जातंय. नायतर जाणा नाय."

त्या पिक्चरची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. फोंडाघाटात कोणा हिंदीवाल्यांचं शूटिंग आलं होतं. त्यांची हडळ झालेली नटी जळवा बघून पळाली, म्हणून त्यांनी जत्रेतून मामाला उचलला. मामानं स्वतःच तोंड रंगवलं, केस सोडले आणि कॅमेऱ्यापुढे असा काही बोलला की डायरेक्टर 'कट कट' ओरडत राहिला. पण दशावतारी पेटीवाल्यानं सूर सोडल्याशिवाय थांबतो काय? मामा बोलतच राहिला. पुढे पिक्चर लागला तेव्हा मामाची कंपनी जत्रेवर जत्रा करत फिरत होती. हा मालवणात येईपर्यंत पिक्चर उतरला. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तेव्हा कोण रेकॉर्ड करतंय?

जेरीनं इंटरनेटवर खणून तो पिक्चर काढला. शुक्रवारी मामाला आणायचं ठरलं आणि बुधवारी आम्ही चौघांनी आधी बघून घेतला. नाव सांगत नाही, काढणाऱ्याची मुलंबाळं असतील. हिरोची छाती बटणांतून बाहेर येते, ठाकुराच्या मिशा एका सीनमध्ये डावीकडे सरकतात, वटवाघूळ दोरीला बांधलेलं आहे हे आंधळ्यालाही दिसेल. संचिता हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग घाटातलं तळं आलं, आणि पाण्यातून मामा वर आला.

आई शप्पथ, माझ्या अंगावर काटा आला. तरणा, सुंदर, भिजलेल्या पदरासकट. मान अशी फिरवली की ठाकुराचं काम करणारा नट खरंच मागे सरला, ते त्यानं केलेलं नव्हतं, ते झालेलं होतं. आणि मामानं तोंड उघडलं.

आतून एका पोरीचा चिरका आवाज आला. हिंदीत. "ठाकुर, मैं तेरा खून पी जाऊँगी, ही ही ही!"

जेरीनं पिक्चर थांबवला. कोणीच हसलं नाही. साधी गोष्ट होती, आमच्या कोणाच्या ध्यानात कशी आली नाही? मामा मालवणीत बोलला होता. हिंदी पिक्चरात मालवणी हडळ कोण ठेवणार? डायरेक्टर म्हणाला असेल 'कुछ भी बोलो', आणि हा भाबडा जीव जन्मभर समजून चालला की आपलंच बोलणं ठेवलं.

"सांगू नको त्यांना," संचिता म्हणाली. "कॉपी खराब झाली म्हणून सांग. आधी ऑपरेशन होऊ दे."

"पेशंटला धक्का बरा नव्हे," अ‍ॅनीही म्हणाली.

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "आवाज त्याचा आहे. गेला तर त्याला कळून जाऊ दे." मला राग आला होता. कोणावर राग ते मला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मामाच्या पडवीत जाऊन मी सगळं सांगून टाकलं. मामा सुपारी कातरत होता. अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे माजो आवाज खंयच नाय?"

"नाय मामा."

"शिरा पडो तेंच्या तोंडार," तो म्हणाला आणि कातरलेली सुपारी अंगणात फेकून दिली. मग म्हणाला, "मगे आता कापूक तरी कित्या जाव? आसा तसोच जातंय वर. आवाज घेऊन जातंय."

माझं डोकं सणकलं. "मामा, उगाच माका नाटक करून दाखव नको. माका तू जिवंत होयो. शुक्रवारी तू स्टुडिओत येतलंस. जेरी पिक्चरचो आवाज बंद करतलो. तू बोलतलंस. जेरी ता भरून घेतलो."

"तेव्हा काय बोललंय ता आता कोणाक आठवता गो?"

"दशावतारात तुका कोणी लिवन दिल्लो कधी? उभ्या उभ्या बोलणारो माणूस तू, आणि आता आठवण कित्या होयी?"

मामानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "डॉक्टर बोला नको म्हणता," तो पुटपुटला.

"डॉक्टर सोमवारपासून तुका गप्पच करतलो. शुक्रवारी बोल."

शुक्रवारी मामा आला तो धोतर-सदरा इस्त्री करून आणि कपाळाला गंध लावून. जेरीनं त्याच्यासमोर माईक लावला. मामानं तो हातानं बाजूला सारला, मग जेरीनं तो टेबलाखाली लपवला. रंगभूमीवर पायात काही चालत नाही म्हणून मामानं आम्हाला सगळ्यांना बूट-चपला काढायला सांगितल्या. अ‍ॅनीनं निमूट सँडल काढली. मामा भिंतीच्या बाजूला उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून. बसायला खुर्ची दिली ती त्यानं नको म्हटली.

जेरीनं आवाज बंद केला. मुक्या पिक्चरात हिरो नाचला, मुक्या मिशा सरकल्या. तळं आलं. पाण्यातून तरणा मामा वर आला, आणि म्हाताऱ्या मामानं घसा खाकरला. दशावतारात कोणीही आल्याबरोबर मारामारी करत नाही. आधी मी कोण, कुठली, कशासाठी आले ते सांगायचं, मगच पुढची गोष्ट.

"माका वळाखलंस, ठाकूर?" मामा म्हणाला. आवाज फाटलेला होता, पण बाईचा होता. "मी रुक्मिणी. घाटाखालच्या वाडीतली. तुझ्या पडवीत भात कांडूक येय. तू माका ह्या तळ्यात ढकललंस आणि गावाक सांगलंस, पाय घसारलो. गाव गप रवलो. आता मी बोलतंय, तू गप रव."

त्या पिक्चरात हडळीला नावच नव्हतं. नावांच्या पाटीत नुसतं 'चुडैल' लिहिलं होतं. संचिता माझा हात धरून बसली, बुधवारी हीच फिदीफिदी हसत होती. भिंतीवर ठाकूर मागे सरत होता आणि आता तो कशाला घाबरतोय ते कळत होतं. मामा थांबेना. पाण्याचा गारठा सांगितला, आईनं केलेला शोध सांगितला, ठाकुराच्या घरी त्या रात्री जेवण कसं नेहमीसारखं झालं ते सांगितलं. मध्येच ठसका लागला. मी पाणी घेऊन उठले तर त्यानं डोळ्यांनीच मला बसवलं.

शेवटचा सीन आला. मांत्रिक पेटता पलिता घेऊन हडळीवर धावतो आणि ती जळते, एवढंच आहे त्यात. बुधवारी तिथे ती पोरगी नुसती किंचाळली होती. मामानं हात जोडले. मला वाटलं, थकला. पण त्यानं जत्रेत देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! हे बायचो आवाज जेणी कोणी घेतल्यान आसात, तेका तेची चूक कळान येव दे रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं म्हटलं की ऐकणाऱ्यानं साथ द्यायचीच. "व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. संचिताही म्हणाली.

"जा काय बोलूचा होता, ता आज हय बोलून झाला. ता तू मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता जेरी आणि अ‍ॅनीही, दोघं खुर्चीतून उठून.

"सोमवारी ही बाय गोव्याक जातली. भियान नको, ताठ मानेन जाव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी रडत होते आणि ओरडत होते.

मामानं अजून एक मागणं सुरू केलं. "बा देवा..." म्हणाला आणि घसा बंद झाला. त्यानं गळ्याला हात लावला नाही, जोडलेले हात सोडले नाहीत. बोलतच राहिला. ओठ हलत होते, शिरा ताणल्या होत्या. भिंतीवर आगीत उभ्या असलेल्या तरण्या मामाचेही ओठ हलत होते. आवाज कुठूनच येत नव्हता. काय मागितलं ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. मामानं हात कपाळाला लावले आणि आमच्याकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा!" आम्ही चौघं एका दमात म्हणालो.