एकेरी

शिंपीणबाई अंगाला हात न लावता माप घेत. टेपचं टोक गिऱ्हाइकानं धरायचं, आकडा बाई लांबून वाचणार. लोक म्हणत, काय नजर आहे बाईंची. नजरबिजर काही नव्हती. पंचेचाळिशी आली तरी कुणी फार जवळ आलं की त्यांना घाम फुटायचा, मागून कुणी हाक मारली तर छातीत धस्स व्हायचं. कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एक काका सोडून.

आज भाऊ आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला फ्रॉकच्या मापासाठी घेऊन आला, आणि सोबत काकाही आले. काठी टेकत, हसतमुख, सगळ्यांचे लाडके. म्हणजे शंका घ्यायची सोयच नाही.

“काका उद्यापासून आमच्याकडेच राहणार,” भाऊ म्हणाला. “हिचं गणित कच्चं आहे. आम्ही दोघं कामावर, दुपारी काका शिकवतील. तुलाही त्यांनीच शिकवलं की.”

शिकवलं होतं. दुपारी, दाराला कडी घालून. बोलायचं तर आजच बोलायला हवं होतं, पण बाईंच्या तोंडून “या काका, बसा काका,” एवढंच बाहेर पडलं, आणि त्यांना स्वतःचाच संताप आला.

भाची आरशापुढे उभी राहिली. टेपचं टोक तिच्या हातून दोनदा निसटलं.

“अशानं कसं व्हायचं?” काका उठले, टेप उचलला. “ये, मी घेतो माझ्या सोनीचं माप.”

मुलगी अर्धं पाऊल मागे सरकली.

“हात लावू नकोस तिला.”

आपण ऐकण्यात चुकलो असं भावाला वाटलं. “ताई, काकांशी एकेरीत बोलतेस?”

“हो. आजवर अहो-जाहो केलं, आता पुरे.” बाईंनी हातातली कात्री मुद्दाम खाली ठेवली. आवाज कापत होता, तो कापू दिला. “सोने, तू बाहेर बाकावर बस.” मुलगी गेल्यावर त्या भावाला म्हणाल्या, “मी हिच्याएवढी होते. कडी लावून यानं मला नको तिथे हात लावले. एकदा नाही, दोन वर्षं.”

भाऊ काकांकडे वळला. ते उसळतील, काठी आपटतील, ‘काय बडबडतेस’ म्हणतील, याची तो वाट बघत राहिला. काका मान खाली घालून टेप गुंडाळत होते, नीट, काठाला काठ लावून.

भावानं तो त्यांच्या हातून काढून घेतला.

“काय केलंस तू?” त्यानं काकांना विचारलं.