एकशे बारा नंबरचा दगड

"दगडोबा, एकशे बारा काढा बरं," मॅडम दारातूनच म्हणाल्या आणि तो दगडांच्या कपाटाकडे वळला.

सर्वेक्षण खात्याच्या नमुनाखोलीत त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. तरुणपणी तो मॅडमबरोबर डोंगरपठारावर हातोडा घेऊन हिंडायचा. नियम एकच होता. दगड फोडला की जागेवरच त्याच्यावर नंबर घालायचा. एका दुपारी ड्रायव्हर निरोप घेऊन आला, बायकोला कळा सुरू झाल्या. तो धावतपळत खाली गाडीपाशी आला आणि लक्षात आलं, एकशे बारा वर कड्यावरच राहिला. परत चढायचं म्हणजे तास गेला. दगड म्हणजे दगड, कोण बघतंय! त्याने गाडीजवळच्याच खडकाचा एक तुकडा फोडला आणि त्यावर एकशे बारा नंबर घातला; वहीत जागा मात्र कड्याचीच राहिली.

नेमका तोच तुकडा प्रयोगशाळेत पठारावरचा सगळ्यात जुना ठरला. मॅडमचं नाव झालं. वर्षभराने मोठे साहेब खात्री करायला कड्यावर गेले, तर तिथे तसला दगडच नाही. मॅडमनी बनवाबनवी केली, अशी कुजबुज झाली. त्यांना नकाशांच्या टेबलावर बसवलं, ते कायमचं. हा मात्र मूग गिळून बसला. तान्ही मुलगी, म्हातारी आई, नवी नोकरी. कारणांना काय तोटा?

"उद्यापासून मी रिटायर," त्याच्या हातून दगड घेत मॅडम हसल्या. "म्हटलं, हा घरी न्यावा. माझी एवढी अब्रू घालवली, निदान कागद तरी दाबून ठेवील."

त्याच्याच्याने राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

मॅडम म्हणाल्या, "गाडीजवळचा म्हणजे, आपण डबा खायचो तिथला?"

"हो."

"रोज त्याच्यावरच बसायचे की हो मी!" त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "चला, उद्याच जाऊ. गाडी जाते तिथवर."

"नाही मॅडम. रस्ता रुंद केला तेव्हा सुरुंग लावून उडवला तो. मला आधी कळलं होतं. तेव्हाही बोललो नाही मी."

मॅडमनी हातातला दगड उलटसुलट करून पाहिला. मग पदराने पुसून त्याच्या हातात परत दिला.

"ठेवा जागेवर. एवढाच उरलाय, घरी कसा नेऊ?"

आणि त्या रिकाम्या हातांनी जिना उतरू लागल्या.