पंचवीस फेकींचं कार्ड

टबातलं पाणी बघूनच धाकटीने नाक दाबलं. वर साबणाचा करडा तवंग, त्यात कुणाचे तरी केस, गवताच्या काड्या, आणि तळाशी एकावर एक पडलेल्या सतरा-अठरा फेकायच्या डिस्क. शेजारी सँडपेपरचे तुकडे, नेलपॉलिश काढायची बाटली, काळ्या पडलेल्या कापसाचा ढीग. दुकानाच्या मागच्या खोलीत ती आली होती पॅकिंगची टेप शोधायला. तिने दोन बोटांच्या चिमटीत एक डिस्क वर काढली. कडेला कुत्र्याच्या दातांचे व्रण होते, अर्धेमुर्धे घासून सपाट केलेले.

"शी!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली आणि डिस्क परत पाण्यात टाकली. पाणी उडालं ते नेमकं तिच्या ओठांवर. मग काय विचारता! बेसिनपाशी जाऊन तिने तीनदा तोंड धुतलं, तरी तो वास काही नाकातून जाईना.

कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाचा माल तिच्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, पोत्याने उचलला होता. जुने छाप पुसायचे, कडा घासायच्या, नवा छाप मारायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून नव्यांच्या रांगेत ठेवायचं, असा सगळा उद्योग. हे कळायला काही फार डोकं लागत नव्हतं. सुकलेल्या सहा डिस्क टेबलावर मांडलेल्याच होत्या, नव्या नवरीसारख्या चकचकीत.

डिस्क गोल्फ म्हणजे काय, तर जाडजूड प्लास्टिकची तबकडी फेकत फेकत न्यायची आणि साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण डिस्कच्या शेकड्याने जातकुळ्या असतात. आणि कुठली डिस्क कशी उडते हे त्या गावात एकच बाई सांगायची, ती म्हणजे धाकटी. दुकान दोन भावांचं. थोरला गल्ल्यावर, धाकटा गोदामात, आणि फेकणारी मात्र घरात एकटी धाकटी सून. म्हणून अख्खा क्लब तिला धाकटीच म्हणायचा, नाव कुणाच्या लक्षात नव्हतं.

तिची पद्धत ठरलेली. नवी डिस्क आली की मागच्या मैदानात पंचवीस वेळा फेकायची, पावलं मोजायची आणि स्वतःच्या अक्षरात कार्ड लिहून डिस्कच्या वर भिंतीला लावायचं. चोवीस नाही, सव्वीस नाही. लोक डिस्क हातात घेण्याआधी कार्ड वाचायचे. अकरा वर्षांत एकही कार्ड तिने खोटं लिहिलं नव्हतं, आणि दुनियेत आपलं असं काही असेल तर तेवढंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या मंगळवारचं कार्ड तुलनेचं होतं. ओव्हरस्टेबल मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क, एकीकडे, आणि ओव्हरस्टेबल अ‍ॅप्रोच पटर, म्हणजे बास्केटच्या जवळून टाकायची, दुसरीकडे. ओव्हरस्टेबल म्हणजे हट्टी डिस्क. उजव्या हाताने फेकली की वाऱ्याला न जुमानता शेवटी डावीकडे वळणार म्हणजे वळणार. धाकटीने लिहिलं होतं: 'मिडरेंज सत्तर पावलं सरळ, मग ठाम डावीकडे. पडल्यावर घसरते. पटर पंचेचाळीस पावलं, तेवढीच हट्टी, पण जाड कडेमुळे पडते तिथे बसते. लांबून मारायचं तर मिडरेंज, बास्केटच्या जवळ पटर.' दोन्ही डिस्क भाऊजींनीच तिच्या हातात दिल्या होत्या.

ती तशीच तरातरा पुढे गेली. भाऊजी गल्ल्यावर बसून दात कोरत होते.

"भाऊजी, मागे टबात काय चाललंय?"

"आंघोळ चाललीय," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळले.

"लाज नाही वाटत? कुत्र्याने चावलेल्या डिस्क लोकांना नव्या म्हणून विकता? माझ्या कार्डाखाली?"

भाऊजींनी काडी तोंडातून काढली, धाकटीकडे बघितलं, काडी पुसली आणि खिशात ठेवली. ती खिशात जाणारी काडी बघून धाकटीने तोंड फिरवलं.

"अगं धाकटे, आवाज खाली घे. मंगळवारी फेकलेली मिडरेंज कुठली होती, सांग बरं?"

"कुठली म्हणजे? नवी. पिशवीतून काढून दिलीत की तुम्ही."

"टबातली होती." ते इतकं गोड हसले की कानाखाली द्यावीशी वाटली. "चार वर्षं झाडांवर आपटलेली. पंचवीस वेळा फेकलीस, मस्त पावलं मोजलीस, वर कार्डही लिहिलंस. तुला कळलं नाही ते गिऱ्हाइकाला काय कळणार?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "थापा मारू नका! घासलेली डिस्क हट्ट सोडते. ती सरळ जाते, वाऱ्यात उजवीकडेसुद्धा भरकटते. मला कळलं नसतं होय?"

"फेकून बघ. तीच आहे ती, भिंतीवर टांगलेली."

तिने ती डिस्क ओढून काढली. उन्हात धरून कडेवर अंगठा फिरवला. कड मऊ होती. खालच्या बाजूला छापाच्या आड जुन्या मार्करच्या नावाची सावली होती. मंगळवारी हे दिसलं कसं नाही? कारण बघितलंच कुणी होतं! आपण फेकणाऱ्या, आपल्याला हात सांगतो, या तोऱ्यात तिने कधी डिस्क उलटी करून बघायची तसदी घेतली नव्हती.

मैदानात जाऊन तिने डिस्क फेकली. सत्तर पावलं सरळ, मग ठाम डावीकडे. अगदी कार्डाबरहुकूम.

दुसऱ्यांदा फेकताना तिने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. आणि मग दिसलं. हातातून सुटायच्या क्षणी मनगट हळूच डिस्कची बाहेरची कड खाली झुकवत होतं. डिस्क वळत नव्हती, तीच वळवत होती. हट्टी म्हणून हातात दिली की हात तिला हट्टी करूनच सोडत होता. तिसऱ्यांदा तिने ठरवून सपाट फेकायला बघितलं. मनगट ऐकेना. चौथ्यांदाही नाही.

अकरा वर्षं आपण डिस्कची नाही, स्वतःच्या मनगटाची तारीफ लिहीत बसलो! तिला त्या टबाची आली नव्हती एवढी किळस आता स्वतःच्या उजव्या हाताची आली. भाऊजी लबाड तर लबाड, पण त्यांना आपण लबाड आहोत हे माहीत तरी होतं.

"ताई! बरं झालं भेटलात." शाळेतल्या गणिताच्या बाई मैदानाच्या फाटकातून येत होत्या. चाळिशीच्या, सज्जन, आणि फेकीत बेताच्या. तीन वर्षं क्लबात होत्या आणि उद्या पहिल्यांदाच जोडीच्या सामन्यात त्यांना घेतलं होतं. उजव्या कोपराला जाड पट्टा होता. "तुमचं कार्ड वाचलं. उद्यासाठी एकच डिस्क घ्यायचीय, मिडरेंज की पटर तेवढं ठरवून द्या. तुम्ही म्हणाल ती."

"कोपराला काय झालं?" धाकटीने विचारलं.

"सरावाचं बक्षीस." बाई ओशाळं हसल्या. "डॉक्टर म्हणतात, थांबा. पण माझा हातच मेला वाकडा! तुमच्या कार्डावर लिहिलेलं असतं साठ पावलं सरळ, आणि माझी वीस पावलांत डावीकडे कोसळते. तीन डिस्क घेतल्या, तिन्हींची तीच गत. मग काय, रोज शंभर फेकी मारते. कार्ड बरोबर आहे म्हटल्यावर चूक माझीच ना!"

धाकटीला ते ऐकवेना. अहो, ताकदवान हाताला सरळ जाणारी हट्टी डिस्क हळू हातातून सुटली की कोसळणारच. हे कार्डावर एका ओळीत लिहिता आलं असतं. पण कार्ड तिच्या हाताने लिहिलं, तिच्याच हातासाठी.

"दोन्ही फेकून बघा," ती कशीबशी म्हणाली.

तिने आतून भिंतीवरची पटर आणून दिली. बाईंनी आधी ती कोरी करकरीत पटर फेकली. वीस पावलांत धप्पकन डावीकडे. "बघितलंत? झालंच!" मग त्यांनी ती घासलेली मिडरेंज घेतली, श्वास रोखला आणि फेकली. डिस्क सरळ गेली. सरळ, सरळ, सरळ. पंचावन्न पावलांवर जाऊन अलगद उतरली.

बाईंनी चक्क उडी मारली. "ताई! गेली! अहो, सुधारला माझा हात! तीन वर्षांनी सुधारला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुकानाच्या मागच्या दारात भाऊजी येऊन उभे राहिले होते. त्यांनी धाकटीकडे बघून भुवई उडवली. गप्प राहा, बाई खूश आहे, उद्या खेळेल, तुझं कार्डही खरं ठरलं, सगळ्यांचंच भलं. आणि गंमत म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. एक शब्द बोलायचा नाही, एवढंच काम होतं. त्या भुवईत आपल्याला भागीदार करून घेतलंय हे धाकटीला कळलं आणि तिने भाऊजींकडे पाठ फिरवली.

"तुमचा हात सुधारला नाही, बाई," ती म्हणाली. "तो कधी बिघडलाच नव्हता. ही डिस्क जुनी आहे. कुणीतरी चार वर्षं वापरलेली, मागे टबात धुऊन नवी केलेली. हट्ट संपलाय तिचा, म्हणून तुमच्या हातून सरळ गेली. मी हीच नवी समजून मंगळवारी फेकली आणि मला पत्ता लागला नाही. माझी कार्डं माझ्या मनगटापुरती खरी आहेत. तुम्हाला मी तीन वर्षं चुकीच्या डिस्क दिल्या."

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

"नाही हो ताई. तुम्ही मोठ्या मनाच्या. उगाच स्वतःवर घेताय."

"मी खरं सांगतेय."

"रोज शंभर," बाई पुटपुटल्या. डाव्या हाताने त्यांनी कोपराचा पट्टा चाचपला. "मुलांचे पेपर तपासताना पेन धरवत नाही मला. नवरा म्हणायचा, सोड तो नाद. मी म्हणायचे, धाकटीताईंचं कार्ड खोटं नसतं."

मग त्यांनी वर बघितलं. धाकटीने मघाशी टबात वाकून बघताना आपला चेहरा पाहिला असता तर त्यावर हीच किळस दिसली असती. फरक इतकाच, की बाई टबाकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या.

"मग उद्या..." बाईंनी विचारायला तोंड उघडलं. धाकटीपाशी उत्तर तयार होतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते त्या कोपरासाठी होतं, स्वतःच्या मनगटासाठी नव्हतं. "उद्या तुम्ही—"

"नको. तुम्ही नका सांगू."

बाई तिला वळसा घालून दाराकडे गेल्या. ती घासलेली मिडरेंज त्यांनी छातीशी धरली होती.

"मालक," त्या भाऊजींना म्हणाल्या, "तुमच्या टबातल्या डिस्कने निदान माझा हात सरळ आहे एवढं तरी दाखवलं. उद्या मी काय फेकू, तुम्हीच सांगा."

"या ना बाई, आत या, बसा," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.