सट्टा माझ्या दोरीवर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दारावर झुळझुळणारा नव्हे, खिडकीवर गुंडाळून ठेवतात तो जाड, राखाडी. ओकलंडच्या कारखान्यात माझं कापड कापलं गेलं आणि सान फ्रान्सिस्कोच्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीत, बैठकीच्या खोलीत मला टांगलं. ऊन आलं की उतरायचं, गेलं की वर जायचं. आधी सगळे माझं कौतुक करायचे. पुढे कौतुक आटलं, धूळ साचली, पण माझी तक्रार नव्हती.

मग ते दिवस आले. सरकारला कंपनीचं यंत्र हवं होतं, लोकांच्या खासगी बोलण्यावर पाळत ठेवायला. कंपनीची प्रमुख रोवेना कास्टेलानो सही करेना. ती नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीतर सगळी सरकारी कामं बंद, असा वॉशिंग्टनहून दम आला.

आमच्या देशात अंदाजांचा बाजार चालतो. अमुक घडेल का, यावर लोक पैजा लावतात आणि त्यातून ते घडण्याची शक्यता शंभरात किती, असा आकडा निघतो. रोवेना झुकेल का, यावरही पैजा लागल्या. आणि काय सांगू, त्यातली रिकामटेकडी मंडळी समोरच्या कॉफीच्या दुकानात दुर्बिणी लावून बसली. नजर कुणावर? माझ्यावर! पडदा उतरला म्हणजे आत सरकारी माणसं आली, असा त्यांचा हिशेब. मी उतरलो की आकडा चढायचा. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण पडद्याला तोंड कुठलं? नुसता जीव तळमळायचा.

रोवेनाचा भागीदार डेक्लन माणूस भला, पण दिवसभर तो आकडाच बघत बसायचा. कर्मचारी कुजबुजू लागले, काहींनी दुसरीकडे नोकऱ्या शोधल्या. शुक्रवारी दुपारी आकडा नव्वदवर गेला आणि वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, कशाला ताणताय? तुम्ही सही करणार हे जगाला कळलंय. तुम्हालाच तेवढं कळायचंय."

डेक्लनने कराराचा कागद पुढे सरकवला. रोवेनाने पेन उचललं. माझा एकेक धागा ताठ झाला.

"कर आता," डेक्लन म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण मला न सांगता भेटलीस कुणाला? दुपारी पडदा उतरला होता, तेव्हाच आकडा चढला."

"कुणालाच नाही. दूध काढत होते."

"आणि काल?"

"काल, परवा, रोज. लेक घरी भुकेली असते, डेक्लन. छाती दगडासारखी होते." ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. "याला मी घाबरले? हा माझ्या दुधाच्या बाटल्या मोजतोय!"

डेक्लनची मान खाली गेली. रोवेनाने पेन ठेवलं आणि फोनवर शांतपणे सांगितलं, "साहेब, सही होणार नाही."

मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. तिने पुन्हा माझी दोरी ओढली. समोर दुर्बिणी उंचावल्या, आकडा पंच्याण्णव झाला. आत दूध काढायच्या यंत्राची बारीक घरघर चालू होती आणि रोवेना डोळे मिटून रडत होती. संध्याकाळ झाली, मुदत संपली. कागदावर सहीची जागा कोरीच होती.

त्याची किंमत मोजावी लागली. सरकारी कामं गेली, कितीतरी जणांना घरी बसावं लागलं. त्या खिडकीला आता बटण दाबताच धूसर होणारी काच आहे आणि मी अडगळीत.

मित्रांनो, माझी धूळ झटकून कुणी मला पुन्हा टांगलं तर आनंदच आहे. नाही टांगलं तरी चालेल. पण कुठे माझा एखादा भाऊबंद उतरलेला दिसला, तर आत एक माणूस आहे एवढं ध्यानात ठेवा आणि नजर वळवून पुढे चला.