सीडीतला टाळ

असोद्याच्या शालिग्रामभाऊंनी सीडी प्लेअर तिसऱ्यांदा उघडला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, त्यांच्यापुढे हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. सीडी गावच्या भजनी मंडळाची, बारा वर्षांपूर्वी जळगावात रेकॉर्ड केलेली. तिच्यात टाळ खुद्द भाऊंचा, आणि नेमका तोच गायब! पेटी वाजत होती, पखवाज घुमत होता, बुवांचा आवाज ठणठणीत. टाळाचा मात्र पत्ता नाही.

बरं, भाऊ काही ऐरागैरा कारागीर नव्हे. आसपासच्या विहिरींवरच्या निम्म्या मोटरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पान्याचं एक टोक चालत्या मोटरीला, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि बेरिंग कुठं घासतंय ते सांगून मोकळं व्हायचं. खराब बेरिंग बारीक शीळ घालतं. ती भाऊंना ऐकू यायची, दुसऱ्या कुणाला नाही. त्या एका कानावर घर उभं राहिलं, तेजस आणि कामिनी ही दोन्ही मुलं शिकली. असल्या माणसाला एक खोकं दाद देत नाही म्हणजे काय!

पहिल्या दिवशी त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं लेन्स पुसली. दुसऱ्या दिवशी डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलून बदलून पाहिल्या. टाळासारख्या बारीक आवाजासाठी आत एक छोटा स्पीकर असतो, त्याला कान लावला तर ठार शांतता. सापडला चोर, म्हणत जळगावहून नवा आणला, कथलाचा डाग देऊन बसवला. तरी टाळ नाहीच. मग बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं, तशा मंदाबाई भांडी उचलून मागच्या अंगणात निघून गेल्या. रागावली असेल, असं भाऊंना वाटलं. दर वेळी ते ओरडून विचारायचे, टाळ वाजतो का? आणि त्या सांगायच्या, नाही वाजत.

भांडण खोक्याशी चाललं होतं खरं, पण भाऊंना खात होतं ते वेगळंच. गेल्या आठवड्यात गावातल्या नवलच्या विहिरीवरची मोटर त्यांनी अशीच कान लावून पास केली, आणि दुसऱ्याच दिवशी ती जळाली. ऐन मे महिना, शेतात केळी उभी. व्होल्टेजनं जळाली, असं भाऊंनी छातीठोक सांगितलं आणि बिचाऱ्या नवलनं जाऊन वायरमनशी भांडण काढलं. आता दोष खोक्यातच सापडायला हवा होता. नाही सापडला तर तो कुठं आहे, हा विचार करायची भाऊंना भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी घाईत पेचकस निसटला आणि लेन्सला जोडलेली पातळ पट्टी फाटली. खोकं कायमचं गप्प झालं. भाऊ चिडून म्हणाले, उद्या नवाच आणतो. तेवढ्यात मंदाबाई ओले हात पुसत आत आल्या, भाऊंच्या मांडीशेजारचा मोबाइल उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. तो केव्हाचा वाजत होता.

फोन नवलचा. त्यानं एक जुनी मोटर बघून ठेवली होती. भाऊंनी कान लावून हो म्हटलं तरच घेणार होता. आलोच, म्हणून भाऊ पाना शोधायला उठले. मंदाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"टाळ वाजत व्हता," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून वाजत व्हता."

मग तीन दिवस खोटं का बोललीस, असं भाऊंनी विचारलं, तेही अगदी हळू.

"तुमचं तोंड पाहिलं अन् खरं सांगाले माही जीभच वळली नाही. पन आता नवल मोटर घेऊ राहिला."

भाऊंना आधी बायकोचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं. त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी नवलला फोन लावला आणि मोटर दुसऱ्या कुणाला तरी दाखव म्हणून सांगितलं. नवल हसला. तुमच्यासारखा कान दुसरा कुणाचा आहे भाऊ, म्हणाला.

"ऐक नवल. त्या दिवशी मोटर व्होल्टेजनं नाही जळाली. बेरिंगच गेलं व्हतं. मले ऐकू आलं नाही."

तिकडे नवल गप्प झाला की हळू आवाजात काही बोलला, ते भाऊंना कळेना. त्यांनी फोन मंदाबाईंच्या हातात दिला.